पंचेचाळीस दिवस, बारा टन आणि वांद्र्याची एक संध्याकाळ

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर आयर्न मेडन या इंग्रज हेवी मेटल बॅण्डचा खेळ झाला. त्या रात्री सुरू झालेल्या दौऱ्याचा पहिला टप्पा १६ मार्चला कॅनडात टोरंटोला संपला. लीप वर्ष होतं, त्यामुळे दिवस भरले बरोबर ४५. या ४५ दिवसांत २३ खेळ झाले, सुमारे पाच लाख माणसांनी ते पाहिले, आणि बॅण्ड उडाला ५०,००० मैल, म्हणजे ८०,००० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. दीड महिन्यात पृथ्वीला दोन फेरे झाले, आणि दौऱ्यातला पहिला खेळ महाराष्ट्रात होता.

शहागडहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास. गोदावरीच्या पुलावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, अलीकडे आमचा जालना जिल्हा आणि पलीकडे बीड. या रस्त्यावर राहणाऱ्याला किलोमीटरचा हिशेब लहानपणापासून येतो, म्हणून त्याच मापाने सांगतो. ८०,००० किलोमीटर म्हणजे शहागड ते मुंबई जाऊन-येऊन शंभर खेपा. एस.टी. ताशी ५० च्या चालीने निघाली, एकाही थांब्यावर थांबली नाही, रात्रंदिवस ड्रायव्हर बदलत चालत राहिली, तरी तिला ६६ दिवसांहून जास्त लागतील. या लोकांनी ४५ दिवसांत हा प्रवास केला आणि मधल्या २३ रात्री स्टेजवर उभं राहून सोळा-सोळा गाणी वाजवली.

८०,००० ला २३ ने भागलं की एका खेळामागे साडेतीन हजार किलोमीटर येतात. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. सरासरी दर दोन दिवसांनी अख्ख्या देशाहून लांब उडी, आणि उतरल्यावर पुन्हा सामान लावायचं. मुंबईनंतरचा मुक्काम होता ऑस्ट्रेलियातलं पर्थ, सात हजार किलोमीटरांहून जास्त लांब, आणि तिथला खेळ ४ फेब्रुवारीला. पुढे २१ ते २८ फेब्रुवारी या आठ दिवसांत ग्वादालाहारा, मॉन्तेरे, मेक्सिको सिटी, कोस्टा रिकातलं सान होसे आणि कोलंबियाचं बोगोटा. पाच शहरं, तीन देश.

गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक आहे, हे बहुतेक चाहत्यांना ठाऊक असतं. पण तो हौशी वैमानिक नव्हता. तेव्हा तो अस्ट्रेअस या इंग्लंडमधल्या विमान कंपनीत नोकरी करणारा कॅप्टन होता. त्याच कंपनीचं बोइंग ७५७ बॅण्डने या दौऱ्यासाठी घेतलं, शेपटीवर बॅण्डच्या एडी या भुताचं चित्र रंगवलं, आणि विमानाला नाव पडलं ‘एड फोर्स वन’. हे विमान ४७ मीटर लांब, पंखांचा पसारा ३८ मीटर, आणि भरून उडताना जास्तीत जास्त वजन ११५ टनांच्या घरात. एरवी यात दोनशेहून अधिक प्रवासी बसतात. इथे मागच्या बाजूच्या खुर्च्या काढून टाकल्या आणि त्या जागेत सामानाची सोय केली. पुढे माणसं, मागे बारा टन सामान. वाद्यं, अँप्लिफायर, ड्रम, पडदे, देखावे, कपडे, अवजारं, सगळं एकाच पोटात. रात्री स्टेजवर गाणारा माणूस दोन दिवसांनी कॉकपिटमध्ये बसून तेच सामान पुढच्या खंडात नेत होता.

हे विमान का लागलं, हे समजून घेतल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. मोठ्या रॉक बॅण्डचं सामान युरोप-अमेरिकेत ट्रकने फिरतं. रात्री खेळ संपला की स्टेज उतरवायचं, ट्रकमध्ये भरायचं, पहाटेपर्यंत पुढच्या शहरात पोचायचं. तिथले रस्ते आणि अंतरं या पद्धतीला साथ देतात. पण मुंबई, पर्थ, टोकियो, बोगोटा या माळेत ट्रक उपयोगाचा नाही. समुद्रमार्गे सामान पाठवलं तर आठवडेच्या आठवडे जातात, आणि तितके दिवस बॅण्ड आणि त्याची माणसं बसून पगार खातात. मालवाहू विमान वेगळं आणि प्रवासी विमान वेगळं केलं तर खर्च पेलत नाही. म्हणून कित्येक वर्षं मोठे बॅण्ड आपल्याकडे यायचेच नाहीत. आले तरी एखाद्या पाहुण्यासारखे, आपला देखावा घरी ठेवून. माणसं आणि सामान एका विमानात घालण्याच्या युक्तीने हे गणित सुटलं. मुंबईच्या मैदानावर जे दिसलं ते शक्य झालं या बारा टनांमुळे. गिटारच्या करामतीपेक्षा मला हीच गोष्ट जास्त थोर वाटते.

मुंबईने याआधी मोठ्या लवाजम्याचं स्टेज पाहिलं नव्हतं असं नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन नाचून गेला. त्याच्या त्या जागतिक दौऱ्याचं सामान वाहायला आन्तोनोव १२४ ही अजस्र मालवाहू विमानं होती, एका खेपेला शंभर टनांहून अधिक उचलणारी. त्या एका संध्याकाळच्या करमणूक कराचा सव्वातीन कोटींहून मोठा विषय पुढे कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिला आणि २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर माफ केला तेव्हा मिटला. खेळ एका रात्रीचा, हिशेब पंचवीस वर्षांचा. त्या शंभर टनांपुढे आयर्न मेडनचे बारा टन किरकोळ दिसतात, पण दौऱ्याचा नकाशा बदलला तो या बारा टनांनी.

आता हा नाटकी बॅण्ड म्हणजे काय, ते सांगतो. आयर्न मेडनची स्थापना झाली १९७५ च्या नाताळच्या दिवशी, पूर्व लंडनमध्ये, बास वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसच्या पुढाकाराने. १९८४ मध्ये त्यांनी प्राचीन इजिप्त हा विषय घेऊन अल्बम केला आणि त्याच विषयाचं स्टेज उभारलं. दोन्ही बाजूंना मूर्ती, चित्रलिपीने भरलेले पडदे, आणि शेवटी मागच्या बाजूने वर येणारी एडीची ममी, तीस फूट उंच, डोळ्यांतून ठिणग्या उडवणारी. तीस फूट म्हणजे तीन मजली घर. हा दौरा ९ ऑगस्ट १९८४ ला पोलंडमध्ये वॉर्सात सुरू झाला आणि ५ जुलै १९८५ ला कॅलिफोर्नियात संपला. ३३१ दिवस, १८७ खेळ. पोलंड, हंगेरी, युगोस्लाव्हिया हे देश तेव्हा साम्यवादी राजवटीखाली होते. तिथे एवढं स्टेज घेऊन गेलेला असा बॅण्ड आधी कुणी पाहिला नव्हता, आणि त्या प्रवासाचा माहितीपटही निघाला. कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या बंदिस्त मैदानात सलग रात्री झालेले खेळ चित्रित करून त्यांचा पट काढला गेला. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या मेटल श्रोत्यांनी हा बॅण्ड पाहिला तो त्या पटाच्या व्हिडिओ कॅसेटच्या प्रतींवर, प्रतीच्या प्रतीवर. २००८ चा दौरा या १९८४ च्या स्टेजचंच नवं रूप होता. ज्यांनी ते फक्त टीव्हीच्या काचेत पाहिलं होतं, त्यांच्यासमोर ते वांद्र्यात उभं राहिलं.

खेळाची सुरुवात विन्स्टन चर्चिलच्या जून १९४० च्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणाने व्हायची आणि त्याला लागून ब्रिटिश लढाऊ वैमानिकांवरचं गाणं. मुंबईतही तेच वाजलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली आणि तेव्हा इंग्लंडचा पंतप्रधान हाच माणूस होता. त्याचा आवाज स्वतंत्र भारतातल्या मैदानावर घुमला आणि हजारो तरुण पोरांनी त्यावर आरोळ्या ठोकल्या. या गोष्टीचा मी बराच विचार केला आहे. मला त्यात त्या पोरांचा दोष दिसत नाही, ती गाण्याची वाट पाहत होती. पण इतिहास वर्गात शिकवला जातो तेव्हा हा आवाज कुणाचा आणि त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं, हे दोन्ही एकत्र सांगायला हवं, असं ठामपणे वाटतं.

एवढ्या मैदानात आवाज कसा पोचतो, हाही एक वेगळाच हिशेब आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजपासून १७० मीटरवर उभ्या माणसाला ड्रमवर काठी पडलेली आत्ता दिसते आणि ठोका ऐकू येतो अर्ध्या सेकंदाने. मिनिटाला १८० ठोक्यांची लय असेल तर अर्धा सेकंद म्हणजे दीड ठोका. मैदानाच्या मध्ये मनोरे उभारून त्यांवर स्पीकर लावले, तर मागच्यांना आवाज दोनदा येईल, आधी मनोऱ्याचा आणि मग स्टेजचा. म्हणून मनोऱ्यावरचा आवाज मुद्दाम थांबवून सोडतात, स्टेजवरून निघालेला आवाज तिथवर चालत येईपर्यंत. दर मीटरला तीन हजारांश सेकंद या बेताने. साऊंडवाला दुपारी रिकाम्या मैदानात टाळ्या वाजवत हिंडताना दिसला तर तो हेच मोजत असतो.

आणि आवाजाची पातळी. अमेरिकेच्या किस या बॅण्डची १५ जुलै २००९ ला कॅनडात ओटावाच्या महोत्सवात १३६ डेसिबलची नोंद झाली. आपल्या नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ५५ आणि १३६ मध्ये फरक अडीच पट वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी तशी चालत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ५५ वरून १३६ वर जाताना ती सुमारे साडेबारा कोटी पट होते. साडेबारा कोटी पट! एवढा आवाज कानाला क्षणभरही सुरक्षित नाही, आणि गिनीजने सर्वांत मोठ्या आवाजाच्या बॅण्डचा विक्रम नोंदवणंच बंद केलं ते याच काळजीने. हे शहाणपणाचं काम झालं. आमच्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे लहान लेकरं खांद्यावर घेऊन उभे राहणारे बाप दिसतात, त्यांच्यापर्यंत हा साडेबारा कोटींचा हिशेब पोचायला हवा.

किसचं नाव आलंच आहे तर त्यांचंही थोडं सांगायला हवं, कारण रॉकमध्ये नाटक आणलं त्यात त्यांचा वाटा मोठा. १९७३ ला न्यूयॉर्कमध्ये बॅण्ड सुरू झाला. चौघांनी तोंडाला काळा-पांढरा रंग फासला, टाचा उंच केल्या, जीन सिमन्स तोंडातून आग आणि रक्त काढू लागला. १९७८ मध्ये त्यांच्यावर टीव्हीसाठी एक आख्खा चित्रपट निघाला. कॅलिफोर्नियातल्या करमणूक उद्यानात त्याचं चित्रण झालं आणि त्यासाठी तिथे हजारो प्रेक्षकांसमोर खराखुरा खेळ केला गेला. २०२० च्या ३१ डिसेंबरला दुबईत समुद्रकिनाऱ्यावर, महामारीच्या काळात, २५० फुटी स्टेजवर त्यांनी खेळ केला. समोर हॉटेलात उतरलेले पाहुणे, आणि टिपायला पन्नासहून अधिक कॅमेरे. एका वेळी ७३ ज्वाळा सोडण्याचा विक्रम त्या रात्रीचा. २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा खेळ झाला आणि त्याच स्टेजवर चौघांच्या संगणकी प्रतिमा अवतरल्या, पुढचे खेळ त्या करतील म्हणून. दुसऱ्याच वर्षी बॅण्डची गाणी, नाव आणि चेहरे स्वीडनच्या एका कंपनीने ३० कोटी डॉलरहून अधिक मोजून घेतले. आकडा प्रचंड आहे. माझं मन मात्र त्यात रमत नाही, कारण तिथे घाम गाळणारं माणूसच उरत नाही.

म्हणून पुन्हा मुंबईकडे. २००८ च्या त्या दीड महिन्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन या कॅनडातल्या दोघांनी ‘फ्लाइट ६६६’ नावाचा माहितीपट केला. विमानात, कॉकपिटमागे, स्टेजच्या खाली, हॉटेलच्या दारात, सगळीकडे कॅमेरा. ४५ दिवसांची मिनिटं होतात ६४,८००, आणि पडद्यावर आली दोन तासांच्याही आतली. खेळातलं प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं घेतलं आहे, आणि चर्चिलच्या भाषणापाठचं पहिलं गाणं मुंबईचं. मार्च २००९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला, तिथे बक्षीसही मिळालं, आणि २१ एप्रिलला तो जगभरच्या शेकडो चित्रपटगृहांत लागला.

त्यातला एक चेहरा विसरता येत नाही. बोगोटाचा खेळ संपला आहे. लोक पांगताहेत. बॅण्डचा ड्रमवाला निको मॅकब्रेन याने प्रेक्षकांत फेकलेली ड्रमची काठी एका तरुणाच्या हाती लागली आहे. तो ती दोन्ही हातांनी धरून उभा आहे, तोंड वर, डोळ्यांतून धारा. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. त्या शहरात लोक दिवस-दिवस आधीपासून मैदानाबाहेर मुक्काम टाकून होते. जिथे कुणी येत नाही तिथे कुणी तरी आलं, याचं ते रडणं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

पुढे विमानही वाढलं. २०१६ च्या दौऱ्यात बोइंग ७४७ आलं. भरल्यावर वजन जवळजवळ ४०० टन, लांबी ७० मीटरच्या वर. डिकिन्सनने ते उडवायचं शिक्षण नव्याने घेतलं. त्या मार्चमध्ये चिलीच्या सांतियागो विमानतळावर ओढून नेताना त्याची धडक बसली, दोन इंजिनं निकामी झाली, जमिनीवरची दोन माणसं जखमी झाली. तरीही दुसऱ्या दिवशीचा अर्जेंटिनातला खेळ ठरल्याप्रमाणे झाला. सामान दुसऱ्या वाटेने गेलं. खेळ चुकवायचा नाही, ही त्या धंद्याची जात आहे.

ती जात आम्ही ओळखतो. दसऱ्याला बाहेर पडलेला तमाशाचा फड वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा करतो. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं, स्वतःचे ट्रक, जनरेटर, कनाती, राहुट्या, स्वयंपाकाची भांडी. संध्याकाळी स्टेज उभं, गण-गवळण, बतावणी, वग, आणि उजाडायच्या आत सगळं ट्रकात भरून पुढचं गाव. सुपारी नारायणगावला ठरते, अंतरं एका दिवसात कापायची असतात. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम आला तेव्हा रात्रभर चालणाऱ्या वगावर पहिला घाव बसला. सरकार वर्षाला फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. फडाचा हंगाम सात-आठ महिन्यांचा असतो. आवाजाच्या नियमाच्या मी बाजूने आहे, पण फडासाठी वेगळी वाट काढता आली असती आणि अजूनही येईल.

तमाशाने पडद्यावर केलेला विक्रमही लहान नाही. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं, एका गावात, एका पडद्यावर. ‘फ्लाइट ६६६’ शेकडो पडद्यांवर एकदम लागला. एक विक्रम पसरण्याचा, दुसरा टिकण्याचा. मला दुसऱ्याचं मोल जास्त वाटतं. फक्त ‘सांगत्ये ऐका’ ही रचलेली गोष्ट होती. त्या वर्षी खऱ्या फडांनी किती गावं केली, किती किलोमीटर कापले, किती टन कनाती वाहिल्या, हे त्यात शोधून सापडणार नाही.

परदेशी बॅण्डचे आकडे आज मी शहागडला बसून सांगू शकतो, कारण कुणी तरी ते मोजले, लिहिले आणि चित्रित केले. आपल्या भागात आता गावागावात पोरांच्या हातात चांगले कॅमेरे आहेत, लग्नांच्या चित्रणावर ती घर चालवतात. त्यांना माझी विनंती आहे. येत्या दसऱ्याला एका फडाच्या मालकाला भेटा, परवानगी मागा, आणि एक हंगाम त्याच्या ट्रकबरोबर हिंडा. खेळ टिपा, पण त्याआधी ट्रकात काय चढतं ते टिपा. गावांची नावं, तारखा, किलोमीटर, माणसं, डिझेल, तिकिटं, सगळं वहीत लिहून ठेवा.